कढीपत्त्याच्या कुंडीत वाढते फुलपाखरू

सिडको-हडकोतील घर असो की गारखेडा परिसरातील सदनिका, दारात किंवा गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी बहुधा असतेच. पावसाळ्याच्या दोन-चार सरी होऊन गेल्या की झाडाला कोवळी पालवी फुटते आणि काही दिवसांतच पाने कुरतडलेली दिसू लागतात. पान निरखून पाहावे तर त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळपट-पांढरा ठिपका असतो आणि तो हलतो! मग त्याची रवानगी कचऱ्याच्या डब्यात होते किंवा फवारणीची बाटली बाहेर निघते. घरात लहान मूल असेल तर मात्र ती बाटली पुन्हा कपाटात ठेवावी. तो ठिपका म्हणजे फुलपाखराची अळी असते.

कढीपत्ता, लिंबू आणि बेल ही एकाच कुळातील झाडे. त्यांवर आपल्याकडे प्रामुख्याने दोन फुलपाखरे अंडी घालतात. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेले लाइम बटरफ्लाय आणि काळेभोर कॉमन मॉरमॉन. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉरमॉन हे यांचेच भाऊबंद. मादी पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पानाची चव घेते आणि झाड ओळखीचे निघाले तरच टाचणीच्या टोकाएवढे फिकट पिवळे अंडे चिकटवते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि बहुधा स्वतःच्या अंड्याचे कवच खाऊनच जेवणाचा श्रीगणेशा करते.

पुढील दोन ते तीन आठवडे तिचे काम एकच, खाणे. या काळात ती चार वेळा कात टाकते. शेवटच्या टप्प्यात विष्ठेचे सोंग टाकून ती हिरवीगार होते. हळूच स्पर्श केला, तर डोक्यामागून दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हा प्रकार फार आवडतो. तो दिवसातून दहा वेळा करायला लावू नये, एवढेच.

अळी झाडावरच राहू देणे सर्वांत सोपे. जवळून पाहायची असेल, तर रुंद तोंडाची बरणी किंवा खोका घेऊन वर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. घट्ट झाकण लावू नये, बरणी उन्हात ठेवू नये. तळाशी कालचे वर्तमानपत्र अंथरावे (आमचा हाही एक उपयोग) आणि ते रोज बदलावे. विष्ठा साचली की ओल धरते, बुरशी येते आणि अळ्या मरतात. कढीपत्त्याची डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत ठेवावी, मात्र बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, अन्यथा अळी पाण्यात पडून बुडते. बाजारातील जुडी टाळावी. तिच्यावर कीटकनाशक मारलेले असू शकते आणि ते धुऊन जाईलच याची खात्री नसते. रोपवाटिकेतून नुकतेच आणलेले रोपही काही आठवडे वापरू नये.

एका लहान कुंडीत दोन अळ्या पुरे. शेवटच्या आठवड्यात त्या इतके खातात की चार-पाच असल्या, तर झाडाच्या नुसत्या काड्या उरतात आणि शेजाऱ्यांकडे पाने मागत फिरण्याची वेळ येते.

खाणे अचानक थांबते, पातळ विष्ठा होते आणि अळी सैरभैर भटकू लागते, तेव्हा बरेच पालक धास्तावतात. ती आजारी नसते. कोशात जाण्याची ती तयारी असते. अशा वेळी बरणीत एक काडी तिरकी उभी करावी. अळी रेशमी धाग्याचा पट्टा कमरेभोवती घेऊन काडीला टेकते आणि दुसऱ्या दिवशी अखेरची कात टाकून कोश होते. कोश हिरवा होईल की तपकिरी, हे भोवतालच्या पृष्ठभागावरही अवलंबून असते. पैठणीच्या रेशमाचा कोश आणि हा कोश यांत मुलांची गल्लत होते. तुतीवरचा रेशीमकिडा हा पतंग, तो स्वतःभोवती धाग्याचे घर विणतो. फुलपाखराचा कोश म्हणजे त्याचे शरीरच.

आठवडा ते दोन आठवड्यांनी, थंडीत त्याहूनही उशिरा, कोश काळपट होतो आणि आतील पंखांची नक्षी दिसू लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठावे! चुरगळलेले ओले पंख घेऊन फुलपाखरू बाहेर येते आणि लटकून राहते. पंख लांबवण्यास जागा मिळाली नाही, तर ते कायमचे वाकडे राहतात. या वेळी जे रंगीत थेंब पडतात ते रक्त नव्हे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. मदत म्हणून कोश सोलू नये. पंख वाळण्यास तास-दोन तास लागतात. त्याच दिवशी ते सदाफुली किंवा झेंडूजवळ सोडून द्यावे.

मात्र प्रत्येक कोशातून फुलपाखरू येतेच असे नाही. कधी कोशाला बारीक छिद्र पडते आणि त्यातून इवल्याशा गांधीलमाश्या बाहेर पडतात. त्यांनी अळीत किंवा कोशात आपली अंडी आधीच घातलेली असतात. पाच वर्षांच्या मुलासाठी हा धक्का मोठा असतो. रात्रीतून मेलेल्या अळीच्या जागी दुसरी आणून ठेवण्याचा मोह पालकांना होतो. तसे करू नये, असे आम्हाला वाटते. काय घडले ते साध्या शब्दांत सांगावे. मुले ते ऐकून घेतात.

याच अळीची दुसरी बाजूही आपल्या भागात सांगायला हवी. शेजारच्या जालना जिल्ह्यातील मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मोसंबी हे लिंबाचेच भाऊबंद. तेथील शेतकऱ्याच्या लेखी लाइम बटरफ्लायची अळी ही कीडच. नवी लागवड ती पार निष्पर्ण करते. शहरातील मुलाने तिला मित्र म्हणावे आणि शेतकऱ्याने ती वेचून टाकावी, यात चूक कोणाचीच नाही.

रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगरची पट्ट्यापट्ट्यांची अळी अधिक देखणी असते. पण रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. शनिवारी मारुतीला वाहायची रुईची माळ करताना मोठी माणसे जी काळजी घेतात, तीच येथेही घ्यावी. लहान मुलांसाठी कढीपत्ताच बरा. शेवग्यावरील केसाळ सुरवंटांपासून मात्र मुलांना दूर ठेवावे, कारण त्यांच्या केसांमुळे अंगाला खाज सुटते.

घरी वाढवलेल्या दोन फुलपाखरांनी शहरातील फुलपाखरे वाढणार नाहीत. अमेरिकेत मोनार्क फुलपाखरे मोठ्या संख्येने घरात वाढवण्याची लाट आली, तेव्हा तेथील झर्सेस सोसायटी या कीटकसंवर्धन संस्थेने त्यातून रोग पसरण्याचा धोका दाखवला. मुलांच्या शिक्षणापुरती मोजकी वाढवण्यास तिचा विरोध नव्हता. संख्या वाढवायची असेल, तर झाड लावणे आणि फवारणी थांबवणे हाच मार्ग. ठाण्याजवळील ओवळेकर वाडीत राजेंद्र ओवळेकर यांनी हेच केले. घरच्या शेतजमिनीवर खाद्यवनस्पती आणि फुलझाडे लावली, फुलपाखरे आपणहून आली.

उन्हाळ्यात कुंडीवर अंडी फारशी सापडणार नाहीत. झाडाला पाणी घालत राहावे, पावसापूर्वी हलकी छाटणी करावी. पालवी फुटली की रोज सकाळी मुलाच्या हाती भिंग द्यावे आणि पाने दोन्ही बाजूंनी तपासण्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे.