डेन्मार्कच्या राष्ट्रीय चर्चला प्रमुखच नाही, मग कारभार चालतो तरी कसा?

२०१२ साली डेन्मार्कमध्ये चर्चचं खातं मनू सरीन यांच्याकडे होतं. सरीन भारतीय वंशाचे. त्यांच्याच काळात संसदेने कायदा केला आणि राष्ट्रीय चर्चमध्ये समलिंगी जोडप्यांची लग्नं लागू लागली.

पण चर्चमध्ये कुणाचं लग्न लावायचं, हे संसद कसं काय ठरवते?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १५३६ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पोपची सत्ता झुगारली आणि मार्टिन ल्यूथरचा पंथ स्वीकारला. चर्चची सूत्रं राजाकडे आली. १८४९ मध्ये राज्यघटना आली आणि हळूहळू ही सूत्रं संसदेकडे गेली. चर्चची रचना कायद्याने ठरवली जाईल, असं घटनेत लिहिलं होतं. तसा एकसंध कायदा आजवर झालेला नाही.

त्यामुळे या ‘लोकांच्या चर्च’ला आर्चबिशप नाही. सगळ्या चर्चच्या वतीने बोलणारी धर्मसभाही नाही. देशात १० बिशप आहेत, पण सगळे बरोबरीचे. राजा मात्र या चर्चचा सदस्य असलाच पाहिजे, अशी घटनेची अट आहे.

रोजचा कारभार पाहतात गावोगावच्या निवडून आलेल्या चर्च समित्या. इमारत, हिशेब, नवा धर्मगुरू कोण हवा, यात त्यांचा शब्द चालतो. प्रवचनात काय बोलावं, हे मात्र त्या सांगू शकत नाहीत. विशेष म्हणजे या समित्यांसाठी बायकांना १९०३ मध्येच मतदान करता आलं. संसदेसाठी तो हक्क मिळायला १९१५ उजाडलं.

पैसा कुठून येतो? सदस्य आयकरासोबत चर्च कर भरतात. शिवाय धर्मगुरूंच्या पगाराचा काही भाग सरकारी तिजोरीतून जातो. म्हणजे सदस्य नसलेल्यांच्या खिशातूनही.

वादाचं मूळ इथेच आहे. चर्चबद्दल मत देणारा खासदार चर्चचा सदस्य असेलच असं नाही. स्वीडनने २००० मध्ये चर्च आणि सरकार वेगळं केलं. डेन्मार्कमध्ये नवी रचना आणण्याचा प्रयत्न २०१४ मध्ये सहमतीअभावी बारगळला.

सध्याच्या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात, वर कुणी साहेब नाही म्हणूनच वेगवेगळ्या मतांचे लोक एकाच चर्चमध्ये टिकतात. २०१२ च्या कायद्यातही हे दिसतं. समलिंगी लग्न लावायला एखादा धर्मगुरू नकार देऊ शकतो. पण त्या जोडप्याचं लग्न अडत नाही, दुसरा धर्मगुरू ते लावतो.