रोजा आणि तराजू

रमजानच्या संध्याकाळी जुन्या नाशकात, दूध बाजारात इफ्तारीच्या फळांसाठी गर्दी होते. विकणारा रोजेदार, घेणाऱ्यांत रोजेदार आणि हिंदू शेजारीही. गुपचूप घोटभर पाणी पिणे सोपे असते, तरी रोजेदार पीत नाही. ही सचोटी तराजूपर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न.

मदिनेच्या बाजारात पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला. वर कोरडे, आत ओले. फसवणारा आपल्यातला नाही, असे त्यांनी बजावले. कुरआनचा ८३वा अध्याय मापात पाप करणाऱ्यांना इशारा देऊनच सुरू होतो. श्रद्धेबरोबर सचोटी आपोआप येते, असे धर्मही मानत नाही.

दुसरीकडे गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) अज्ञेयवादी होते. मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, असे त्यांनी आईला पत्राने कळवले आणि तुटपुंज्या वेतनावर शिकवत तो शब्द अखेरपर्यंत पाळला. त्यासाठी त्यांना स्वर्गाची आशा लागली नाही.

रोजा कबूल झाला की नाही, हे अल्लाह जाणे. किलो पुरा भरला की नाही, हे मात्र कोणत्याही धर्माच्या गिऱ्हाइकाला घरच्या काट्यावर कळते.