दारात उभा असलेला नवा माणूस: शिडाच्या होड्यांच्या क्लबकडून आपण काय शिकायचं?



मागच्या व्हिडिओनंतर एका मित्राचा प्रश्न आला. "सर, टीव्ही सेंटरला अभ्यासिका सुरू केलीय. रोज चार-पाच पोरं येतात, बघतात, फी विचारतात, 'कळवतो' म्हणतात आणि जातात. परत कुणी येत नाही. जाहिरात वाढवू का?"

मी म्हटलं, थांब. जाहिरातीनं तिचं काम केलंय, माणूस दारापर्यंत आणून सोडलाय. गळती दाराच्या आत आहे.

हा प्रश्न फक्त अभ्यासिकेचा नाही. जिम, योगा क्लास, टर्फ, डान्स क्लास, महिन्याची मेस, जिथे जिथे माणसाला एकदा विकून भागत नाही, त्याला आपलंसं करावं लागतं, तिथे हाच प्रश्न असतो. त्याचं उत्तर मला एका अशा ठिकाणी सापडलं, ज्याचा आपल्या शहराशी काही संबंध नाही. ते म्हणजे सेलिंग क्लब, शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांचे खासगी क्लब.

तुम्ही म्हणाल, सर, समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर. पाणी म्हटलं की आम्हाला पैठणचा नाथसागर आठवतो. बरोबर आहे. पण विचार करा. महागडा खेळ, पाण्याची भीती, गेटवर वॉचमन, आतले सगळे एकमेकांना ओळखणारे आणि बोलतात ते शब्दही आपल्याला न कळणारे. एवढ्या अडचणी असून अनोळखी माणसाला मेंबर करणं ज्यांना जमतं, त्यांच्याकडून शिकलं तर अभ्यासिका त्यामानानं सोपीच आहे.

"कुणाच्या ओळखीनं आलात?"

आधी माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी मालाच्या खरेदीसाठी बाहेरगावी गेलो होतो. दुपार रिकामी होती. एका बोट क्लबच्या गेटवर गेलो. क्लबचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. वॉचमननं विचारलं, "मेंबर आहात का?" नाही. "मग कुणाच्या ओळखीनं आलात?" कुणाच्याच नाही, माहिती हवी होती. "साहेब नाहीत." संपलं. दहा मिनिटं उभा राहिलो आणि निघालो.

राग वॉचमनचा आला नाही. तो नियम पाळत होता. राग याचा आला, की पुढे काय करायचं हे कुणी सांगितलंच नाही. "शनिवारी सकाळी या" एवढं वाक्य मिळालं असतं, तरी मी परत गेलो असतो.

नियम का असतात?

मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. गेटवे ऑफ इंडिया लोकांसाठी खुलं झालं १९२४ मध्ये, म्हणजे क्लब त्याच्याही ७८ वर्षं आधीचा. पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. पुण्यातल्या बोट क्लब रोडला नाव त्याच्यावरूनच पडलंय. अशा जुन्या क्लबांची पद्धत साधारण सारखी असते. पाहुणा मेंबरसोबत येतो, रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी त्या मेंबरची. मेंबर व्हायचं असेल तर एका जुन्या मेंबरनं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग कमिटी ठरवणार. दुसऱ्या शहरातल्या क्लबशी करार असेल तर तिथल्या मेंबरला इथे पाहुणा म्हणून येता येतं, काही ठिकाणी राहताही येतं.

यात एक गोष्ट फार चांगली आहे. पाहुण्यासोबत कायम एक ओळखीचा माणूस असतो. कुठे बसायचं, काय मागायचं, काय करायचं नाही, हे तो हळूच सांगतो. पाहुणा बावचळत नाही.

पण ज्याची आत ओळखच नाही, तो बाहेरच राहतो. ब्रिटिश काळात मुंबईच्या बड्या क्लबांत भारतीयांना प्रवेश नव्हता. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या भारतीय पाहुण्यांना यॉट क्लबनं आत घेतलं नाही, असा किस्सा सांगितला जातो. किस्सा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतात, पण पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९१८ च्या सुमारास मुंबईत विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब उभा राहिला आणि तिथे भारतीयांनाही मेंबर होता येत होतं.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही दारातून परत पाठवलेला माणूस घरी बसत नाही. त्याच्यासाठी दुसरा कुणीतरी दुकान उघडतो.

दार उघडणारे काय करतात?

सेलिंग क्लब चालवायला पैसा लागतो. होड्यांची दुरुस्ती, जेट्टी, पगार, सगळं मेंबरच्या वर्गणीतून होतं. जुने मेंबर वयानं मोठे होतात, होडी सोडतात. नवीन आले नाहीत तर क्लब आटतो. म्हणून ब्रिटनमध्ये 'रॉयल यॉटिंग असोसिएशन' या संस्थेनं 'पुश द बोट आउट' नावाचा उपक्रम काढला. त्यात मे महिन्यात, हंगामाच्या तोंडावर, ठिकठिकाणचे क्लब आपलं गेट लोकांसाठी उघडायचे. फुकट किंवा नाममात्र पैशात कुणीही येऊन होडीत बसावं.

असा दिवस नीट चालवणारा क्लब काय करतो, ते टप्प्याटप्प्यानं बघा.

गेटवर हसतमुख मेंबर उभा असतो. तो आधी नाव विचारतो, छातीवर नावाची चिठ्ठी लावतो. लाइफ जॅकेट क्लबचं, होडी क्लबची. पाहुण्यानं फक्त बदलायचे कपडे आणायचे, हेही आधीच कळवलेलं असतं. पाण्यात सुरक्षेची मोटरबोट फिरत असते, ती मुद्दाम दाखवतात, म्हणजे भीती जाते. मग जाणकार माणसासोबत होडीत बसवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थोड्या वेळानं शिडाची दोरी किंवा सुकाणू त्याच्या हातात देतात.

ही दोरी लक्षात ठेवा. काठावर उभं राहून होडी बघणारा माणूस "छान आहे" म्हणून घरी जातो. पण दोरी ओढल्यावर वाऱ्यानं शीड फुगलं आणि होडी पुढे गेली, की तो म्हणतो, "मी चालवली." इथून पुढे त्याला फार समजवावं लागत नाही.

परत आल्यावर चहा. आणि चहासोबत एक कागद. नवशिक्यांचा कोर्स कधी सुरू, किती दिवस, किती पैसे, पहिल्या वर्षाची वर्गणी किती. काही क्लब एका हंगामापुरती चाचणी मेंबरशिप देतात. लगेच होडी घेण्याची गरज नाही, क्लबची वापरा, असंही स्पष्ट सांगतात. कारण दारात उभ्या माणसाच्या मनातला सगळ्यात मोठा प्रश्न तोच असतो: "मला किती खर्चात पाडणार?"

छोटी होडी आणि मशालीची रात्र

लहान मुलं ज्या होडीवर सेलिंग शिकतात तिचं नाव 'ऑप्टिमिस्ट'. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये ती तयार केली. अट अशी होती, की सामान्य घरातल्या पोरांना परवडली पाहिजे. म्हणून प्लायवूडच्या दोन शीटमध्ये बसेल असं डिझाइन केलं. सव्वादोन मीटरहून थोडीशीच जास्त लांब. आज जगभर पोरं हीच होडी चालवतात. हैदराबादच्या हुसेनसागरावर गरीब घरातली मुलंही सेलिंग शिकतात, ती अशाच छोट्या होड्यांवर. मोठी होडी विकायची असेल तर आधी छोटी होडी तयार पाहिजे. तुमच्या धंद्यातली छोटी होडी कोणती, याचा विचार करा.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं. इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे सीओईपीचा बोट क्लब १९२८ सालचा. इथे शिडाच्या नाही, वल्ह्यांच्या होड्या. एरवी क्लब विद्यार्थ्यांचा. पण दरवर्षी 'रेगाटा' होतो. संध्याकाळी नदीकाठी लोक जमतात आणि पोरं पाण्यात होड्यांच्या रचना करून दाखवतात, मशाली घेऊन कवायत करतात. वर्षभर बंद असलेली गोष्ट एक दिवस सगळ्यांसमोर येते. काठावर बसलेल्या एखाद्या बारावीच्या पोराला वाटतं, मलाही इथे यायचंय.

आणि एक गोष्ट, जिला खर्च जवळजवळ नाही. सेलिंग क्लबचा स्वतःचा छोटा, बहुतेक तिकोनी झेंडा असतो, त्याला बर्जी म्हणतात. परगावचा खलाशी आला की तो आपल्या क्लबचा झेंडा देतो, यजमान आपला देतात. आलेला झेंडा भिंतीवर लागतो. उद्या तो माणूस परत आला तर त्याच्या गावाची खूण तिथे असते. मान द्यायला दरवेळी डिस्काउंट लागत नाही.

आता माझं दुकान

तुम्हाला माहीत आहे, आपलं शिलाई मशीन आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे. वडिलांपासूनचं. माझ्या एका ट्रेनिंगला वाळूजच्या बजाजनगरहून एक ताई आल्या होत्या. घरी ब्लाऊज शिवतात, चार मशीन, दोन बायका हाताखाली. चहाच्या वेळी मी सहज विचारलं, मशीन कुठून घेतली? त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "सर, खरं सांगू का? पहिली मशीन घ्यायला तुमच्याच दुकानात आले होते. स्टुलावर चार-पाच टेलर बसलेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमच्या पोरानं विचारलं, 'कोणतं मॉडेल?' मला मॉडेल माहीत नव्हतं. मी म्हटलं, परत येते. आणि गेले ते दुसरीकडे."

मित्रांनो, चार मशीन, ओव्हरलॉक, पिको-फॉल, वर्षभराच्या सुया, बॉबिन, तेल. सगळं गेलं. त्याहून वाईट म्हणजे मला हे कळलंसुद्धा नव्हतं. गेटवरच्या ज्या प्रश्नाचा मला राग आला होता, तोच प्रश्न माझं दुकान रोज विचारत होतं. "कोणतं मॉडेल?" म्हणजे "कुणाच्या ओळखीनं आलात?"च की!

मग काय बदललं?

एक, पहिला प्रश्न बदलला. आता पोरगा विचारतो, "काय शिवायचंय, ताई?" याचं उत्तर प्रत्येकीकडे असतं.

दोन, एक मशीन दोरा ओवून कायम तयार ठेवली. शेजारी कापडाचे तुकडे. नवीन माणसाला आधी बसवून एक सरळ शिलाई मारायला लावतो. ही आमची शिडाची दोरी.

तीन, किमतीचा बोर्ड लावला. नवी मशीन, जुनी दुरुस्त केलेली मशीन, मोटर वेगळी, सर्व्हिसिंग वेगळं. जुनी मशीन ही आमची छोटी होडी.

चार, वेळ ठरवली. दिवाळीच्या तोंडावर टेलरला श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा नवशिक्यांना बोलवून उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये, शाळेच्या युनिफॉर्मचं काम सुरू होण्याआधी, सकाळी अकरा ते एक त्यांच्यासाठी.

यावर आमचे जुने टेलर नाराज झाले. एक काका म्हणाले, "आता आम्ही स्टुलावर बसायचं नाही का?" त्यांचंही खरं होतं. वीस वर्षं दुकान त्यांच्यावर चाललंय. क्लबातल्या जुन्या मेंबरला हीच भीती असते, की गर्दी झाली तर आपली जागा जाईल. मी काकांना म्हटलं, "काका, त्या वेळेत तुम्हीच थांबा. दोरा कसा ओवायचा ते तुमच्याइतकं चांगलं कुणाला सांगता येतं?" आता काका अकरा वाजता माझ्या आधी हजर असतात. नव्या बायकांना मोठ्या हौशीनं टाके समजावतात. त्यांची जागा गेली नाही, वाढली.

एक चूकही सांगतो. सुरुवातीला आलेल्या प्रत्येकीला रोज व्हॉट्सॲपवर ऑफर पाठवायचो. लोकांनी ब्लॉक केलं. आता तिसऱ्या दिवशी एकच फोन. "ताई, काही अडलंय का?" बस.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत हे पाच प्रश्न लिहा आणि खरी उत्तरं द्या.

१. नवीन माणूस दारात आल्यावर पहिलं वाक्य कोण बोलतं आणि काय बोलतं?
२. त्याला सोबत कोण देतं?
३. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याच्या हातात काय दिलं जातं?
४. खर्च किती, हे त्याला न विचारता कळतं का?
५. निघताना "परत कधी यायचं" हे कोण सांगतं?

अभ्यासिकेवाल्या मित्रा, तुझ्यासाठी माझं सुचवणं असं. चौकशीला आलेल्या पोराला खोली दाखवून सोडू नकोस. त्याला खुर्ची दे, दिवा लाव, म्हण, "आज संध्याकाळपर्यंत इथेच बसून अभ्यास कर, पैसे नकोत." शेजारी एखादा जुना मुलगा बसव, जो पाणी कुठे आणि चार्जिंग कुठे हे सांगेल. निघताना फीचा कागद दे आणि उद्याची वेळ विचार.

आणि सगळ्यांनी एक काम नक्की करा. स्वतःच्या दुकानात एकदा अनोळखी माणूस पाठवा. मित्राची बहीण, मामेभाऊ, कुणीही. बाहेर आल्यावर त्याला विचारा, आत काय वाटलं? जे सांगेल ते मधे न बोलता ऐका. मला ते ऐकायला एका ताईला चार मशीन दुसरीकडून घ्याव्या लागल्या. तुम्हाला तेवढी किंमत मोजावी लागू नये.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत दार उघडं ठेवा!