दुसरा ‘अ’ कुठून आला?

शाळेत तीन नियम आपण एका दमात पाठ केले : अ + ब = ब + अ; (अ + ब) + क = अ + (ब + क); अ × (ब + क) = अ × ब + अ × क. पहिल्या दोहोंत समान-चिन्हाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक अक्षर एकेकदाच येते. तिसऱ्यात ‘अ’ डावीकडे एकदा, उजवीकडे दोनदा. म्हणजे कुणाला न विचारता आपण त्याची प्रत काढली! गणित घरीच वाचून शिकलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न बाळबोध वाटत नाही, कारण दोन मोठ्या कल्पनांची वाट नेमकी इथेच फुटते.

१९६३ साली विल्यम लॉव्हिअर यांनी कोलंबिया विद्यापीठातील प्रबंधात ‘बैजिक सिद्धान्त’ या कल्पनेला नवे रूप दिले. त्यात अक्षराची प्रत काढायची मुभा आहे, ते टाकून द्यायचीही. ऑपरॅड ही मुभा नाकारतो. (हे नाव पीटर मे यांनी १९७२च्या पुस्तकात ‘ऑपरेशन’ आणि ‘मोनॅड’ यांच्या सांध्यातून घडवले, त्यांच्या आई ऑपेरा-गायिका होत्या.) प्रत्येक ऑपरॅडपासून बैजिक सिद्धान्त मिळतो, उलट प्रवास मात्र नेहमी जमत नाही. ‘ग्रुप’मध्ये अ आणि त्याचा व्यस्त यांचा गुणाकार १ होतो : डावीकडे अ दोनदा, उजवीकडे एकदाही नाही. ऑपरॅडमध्ये एकदा आलेले अक्षर असे नाहीसे होत नाही. म्हणून निव्वळ संचांच्या जगात ग्रुपसाठी ऑपरॅड नाही.

मग मुभा सोडून मिळवले काय? आमच्या वसई-विरारकरांना ते लोकलवरून लगेच कळावे. समजा, दोन प्रवास जोडले की जोडप्रवास एका तासाचा, प्रत्येकाला अर्धा तास. टप्पे तीन : विरार–वसई, वसई–बोरिवली, बोरिवली–चर्चगेट. पहिले दोन आधी जोडले, तर वेळ १५, १५, ३० मिनिटे. शेवटचे दोन आधी जोडले, तर ३०, १५, १५. रूळ तेच, वेळापत्रक निराळे. (रेल्वेला असले वेळापत्रक सुचू नये!) कंसाचा नियम मोडला खरा, पण एक वेळापत्रक हळूहळू सरकवत दुसऱ्यात नेता येते. चार टप्प्यांना कंस लावायच्या रीती ५. त्यांना जोडणाऱ्या सरकवण्यांचा पंचकोन होतो आणि तो आतूनही भरलेला असतो, म्हणजे त्याच्या एका बाजूने जा वा दुसऱ्या, त्या दोन वाटाही एकमेकींत सरकवता येतात. पाच टप्प्यांना रीती १४, आणि ९ पृष्ठांची घनाकृती. ही आकृतिमाला जिम स्टॅशेफ यांची, तीही १९६३चीच.

‘समान’च्या जागी वाट, वाटांमध्ये पुन्हा वाटा : उच्च श्रेणी-सिद्धान्ताचा हाच प्रदेश. लॉव्हिअर यांचा आराखडाही तिथे नेता येतो, पण प्रत काढण्याची सोय त्याला लागतेच. ऑपरॅडला ती लागत नसल्याने, जिथे प्रत काढताच येत नाही अशा ठिकाणीही तो चालतो.

आणि तो तिसरा नियम? बेरीज-वजाबाकी आधीच पायात घातलेल्या जगात गेलो, तर कंसाच्या नियमाचा साधा ऑपरॅड पुरतो. वितरणाचा नियम वेगळा लिहावा लागत नाही. दुसरा ‘अ’ त्या पायातच असतो.