समजून घ्या : मुंबई हायचे तेल की नाथसागरावरचे ऊन?

धुळे-सोलापूर महामार्ग शहागडला गोदावरी ओलांडतो. पुलावरून जाणारे बहुतेक ट्रक डिझेलवर चालतात आणि ज्या कच्च्या तेलातून ते डिझेल निघते, त्यातले ८५ टक्क्यांहून अधिक आपण परदेशातून आणतो. आखातात तणाव वाढला की इथल्या उसाच्या वाहतुकीचा खर्चही टांगणीला लागतो.

मग आपलेच तेल का काढत नाही? काढतो की! मुंबईजवळच्या समुद्रातील ‘मुंबई हाय’ १९७४ मध्ये सापडले. १९८९ च्या सुमारास तिथून दिवसाला पावणेपाच लाख बॅरलच्या घरात तेल निघत होते, आता दीड लाखही निघत नाही. विहिरी जुन्या झाल्या. उत्पादन वाढवण्यासाठी ‘ओएनजीसी’ने जानेवारी २०२५ मध्ये ‘बीपी’ला दहा वर्षांसाठी तांत्रिक भागीदार म्हणून निवडले. हे करायलाच हवे. पण देशाला रोज ५० लाख बॅरलहून जास्त तेल लागते. जुना उच्चांक परत गाठला, तरी गरजेचा दहावा हिस्साही भागणार नाही.

दुसरा पर्याय शहागडच्या वरच्या अंगालाच आहे. पैठणच्या नाथसागरावर ‘टीएचडीसी’चा तरंगता सौर प्रकल्प प्रस्तावित आहे. जलाशय पक्षी अभयारण्य आहे, शिवाय त्यावर मच्छीमारांची पोटे आहेत. प्रकल्पाविरोधातील याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळली. तरी जाळे कुठे टाकायचे, हा मच्छीमारांचा प्रश्न पॅनेल बसवण्याआधी सुटायला हवा.

आता नेहमी होणारी गल्लत. सौर वीज ट्रकच्या टाकीत भरता येत नाही. आपली वीज मुख्यतः कोळशावर बनते, तेलावर नाही. त्यामुळे नाथसागरावरच्या विजेने आधी कोळसा वाचेल. तेल वाचेल ते गाड्या विजेवर आल्यावर.

शेतातले डिझेल इंजिन मात्र आजच बंद होऊ शकते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरापर्यंत तीन, पाच एकरापर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. तो रात्री चालत नाही. पण रात्रीच्या विजेसाठी अंधारात, सापकिड्यांत बांधावर जागणाऱ्याला ही अडचण वाटणार नाही. अर्ज ‘महावितरण’च्या संकेतस्थळावर करता येतो. पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराकडे असते, तेव्हा कागद जपून ठेवा.