भिंतीवर उभा राहिला गावचा डोंगर

पाणलोटाच्या कामाची ग्रामसभा म्हटली की भांडण ठरलेलंच. नालाबांध कुणाच्या शिवारात घालायचा, यावरून वरची वाडी आणि खालची वाडी समोरासमोर येतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका अवर्षणप्रवण गावात हेच झालं. वरचे म्हणत, "पाणी आमच्या माळावरचं, बांध आमच्यातच झाला पाहिजे." खालचे म्हणत, "वर अडवलं तर आमच्या हिरींत काय येणार, माती?" दोन सभा अशाच उठल्या. त्या गावचा कार्यभार माझ्याकडे नवा होता. दोन्ही बाजू मला पाणी कुठून कुठे जातं ते सांगत, आणि दोघांचं सांगणं जुळत नसे.

तिसऱ्या सभेला मी शाळेतला प्रोजेक्टर मागून घेतला. समाजमंदिराच्या पांढऱ्या भिंतीवर गावचा डोंगर उभा केला. खिंड, ओढा, गावठाण, शेतं, सगळं उंचसखल. बोटाने फिरवावं तसं चित्र फिरायचं. एकदा माथ्यावरून, एकदा ओढ्याच्या तोंडातून. पुढच्या रांगेतल्या एक मावशी उठून थेट भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ह्यो आमचा मळा. अन् ही बांधावरची चिंच." सभा हसली, पण भांडण तेवढ्यापुरतं थांबलं.

हा खेळ कसा जमवला आणि त्यात माझी फजिती कुठे झाली, ते शेतकरी बंधूंना सांगावं म्हणून हा लेख.

उंची कुठून आणायची?

असं चित्र उभं करायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे जमिनीच्या उंचीचे आकडे आणि दुसरं म्हणजे वरून काढलेलं छायाचित्र. दोन्ही आज इंटरनेटवरून फुकट उतरवता येतात. फक्त नाव नोंदवून खातं उघडावं लागतं.

उंचीचे आकडे प्रामुख्याने दोन मोहिमांतून मिळतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेचं एंडेव्हर हे अंतराळयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्यावर रडार होतं आणि ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना होता. त्यातून जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली. आपल्याला आधी ती ९० मीटरच्या चौकोनात मिळायची. २०१४ पासून टप्प्याटप्प्याने ३० मीटरच्या चौकोनात खुली झाली. दुसरी मोहीम आपल्या इस्रोची. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ सोडला. त्यावर दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला, एक मागे. माणसाला दोन डोळ्यांमुळे खोली कळते, तशी या दोन चित्रांवरून उंची काढली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भुवन' या संकेतस्थळावरून हे आकडे उतरवता येतात.

फाइलीचं नाव पाहून घाबरू नका. एन १९ ई ०७४ याचा अर्थ १९ ते २० उत्तर अक्षांश आणि ७४ ते ७५ पूर्व रेखांश यांच्यामधला तुकडा. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) शहर याच तुकड्यात येतं. असा एक तुकडा साधारण ११० किलोमीटर लांब आणि १०५ किलोमीटर रुंद असतो, आणि फाइल जेमतेम २५ एमबीची. गाव दोन तुकड्यांच्या सीमेवर असेल तर दोन्ही उतरवून जोडावे लागतात.

छायाचित्रासाठी मी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं घेतली. २०१५ पासून ही मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र येतं. त्याचा एक चौकोन १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपल्या भाषेत जवळपास एक गुंठा! उंचीचा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

जाळीवर चादर

क्यूजीआयएस नावाचं संगणकाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात उंचीच्या आकड्यांची जाळी उभी करायची आणि तिच्यावर छायाचित्राची चादर अंथरायची, एवढंच काम. पण पहिल्या दिवशी माझ्या टेकड्या सुईसारख्या उभ्या राहिल्या. कारण सोपं होतं. उतरवलेल्या फाइलीत आडवं अंतर अंशात असतं आणि उंची मीटरमध्ये. दोन्ही मापं मीटरमध्ये आणावी लागतात. त्यासाठी यूटीएम पट्टा निवडायचा. ७२ ते ७८ रेखांशाच्या मधल्या जिल्ह्यांना ४३ क्रमांकाचा, आणि ७८ च्या पूर्वेकडच्या विदर्भाला ४४ क्रमांकाचा.

सपाट मुलुखात उतार नीट दिसावा म्हणून मी उंची तीनपट केली होती. त्यावर एक तरुण म्हणालाच, "साहेब, आमच्या टेकडाचं तुम्ही कळसूबाई केलं की!" तेव्हा उंची वाढवली असेल तर आधीच सांगावं, नाहीतर लोक विनाकारण उताराला घाबरतात.

वाद मिटला तो असा

संगणकाला सांगितलं की कोणत्या चौकोनातलं पाणी कुठे उतरतं, ते तो काढून देतो. ओढ्याला पाणी देणारं सगळं क्षेत्र मी निळ्या रंगाने दाखवलं आणि सभा गप्प झाली. ज्या पूर्वेच्या माळावरून दोन्ही वाड्या भांडत होत्या, त्यातला बराच भाग निळ्या रंगाच्या बाहेर होता. तिथलं पाणी खिंडीमागून शेजारच्या गावात उतरत होतं.

कुणाला पटेना. मलाही खात्री नव्हती. तेवढ्यात मागून मेंढरं राखणारा एक पोरगा म्हणाला, "खरंय ते. पावसात तिकडं मेंढरं असत्यात तवा पाणी खिंडीमागंच पळतं. म्या बघितलंय." त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आता दोन्ही वाड्यांना एकच पाणलोट दिसत होता, तो पश्चिमेच्या माथ्याचा. तिथे आधी सलग समतल चर आणि दगडी बांध घ्यायचे, मग खाली नालाबांध, असं त्याच सभेत ठरलं. 'माथा ते पायथा' हे आम्ही वर्षानुवर्षं सांगतो. त्या दिवशी लोकांनी माथा डोळ्यांनी पाहिला.

आणि माझी फजिती

मी खूश होतो. नालाबांधाची जागाही संगणकावरच लाल खुणेने दाखवली. एक आबा, वय सत्तरीच्या पुढचं, काठी टेकत जवळ आले. बराच वेळ भिंतीकडे बघून म्हणाले, "साहेब, आमचा पाझर तलाव कुठं गेला?"

मी चमकलो. तलाव चित्रात नव्हताच. दुसऱ्या दिवशी आबांबरोबर शिवारात गेलो, तर माझी लाल खूण तलावाच्या फुगवट्यात! तिथे नालाबांध घालायचा म्हणजे पाण्यात पाणी अडवायचं. तो रोजगार हमीतून २००० नंतर झालेला, आणि माझे उंचीचे आकडे फेब्रुवारी २००० चे. नंतर बांधलेलं त्यात दिसणार कसं? छायाचित्र मी ढग नकोत म्हणून मे महिन्यातलं घेतलं होतं. त्यात कोरडा तलाव माळासारखाच दिसला. वर पाण्याची वाट काढताना संगणक खोलगट जागा आधी भरून सपाट करतो, तेव्हा नव्या आकड्यांतला तलावही हिशेबातून पुसला जाऊ शकतो.

आणखी एक चूक निघाली. संगणकाने काढलेली ओढ्याची रेघ खऱ्या ओढ्यापासून चाळीस-पन्नास पावलं सरकलेली होती. नऊ गुंठ्यांच्या चौकोनात पाच-सहा मीटरची ओघळ हरवणारच. दाट झाडीत तर रडारचा किरण जमिनीपर्यंत पुरता पोचत नाही. तिथे आकडा येतो तो शेंड्याच्या आणि जमिनीच्या मधला.

आबा रागावले नाहीत. काठीने एक जागा दाखवून म्हणाले, "हितं दोन्ही काठ आवळल्यात, खाली कातळ हाय. बहात्तरच्या दुष्काळात हितंच बांध घालायचा म्हनत हुते." डंपी लेव्हल लावून पाहिली, खड्डे घेऊन पाहिले. आबांची जागा बरोबर निघाली आणि तीच आराखड्यात गेली.

कुठे वापरायचं, कुठे नाही

या अनुभवावरून काही गोष्टी सांगतो. पाणलोटाची हद्द, उताराची दिशा, माथा कुठे आणि पायथा कुठे, हे समजायला आणि गावाला समजावायला ही चित्रं फार उपयोगी आहेत. छायाचित्रं मात्र दोन घ्यावीत. डिसेंबर-जानेवारीचं घेतलं तर रब्बी आणि तलावातलं पाणी दिसतं. एप्रिल-मेचं घेतलं तर उन्हाळ्यात कुठल्या विहिरीखाली हिरवं टिकलंय ते कळतं. पावसाळ्यातल्या चित्रांत बहुधा ढगच असतात.

समतल चराची आखणी मात्र या आकड्यांवर करू नये. २००० च्या मोहिमेचं उद्दिष्टच १६ मीटरच्या आत चूक ठेवण्याचं होतं. प्रत्यक्षात चूक पुष्कळदा त्याहून कमी असते, पण ती मीटरमध्येच. चर एक वीत जरी उतरता झाला तरी पाणी एका टोकाला धावतं आणि चर फुटतो. तिथे ए-फ्रेम, हायड्रोमार्कर नाहीतर डंपी लेव्हलच हवी. पदविकेच्या वर्गात डंपी लेव्हलच्या कंटाळ्याने आम्ही झाडाखाली बसायचो, ते आता आठवून हसू येतं.

बांधावरचे तंटेही यात आणू नयेत. महाभूनकाशावरच्या गटांच्या हद्दी छायाचित्रावर टाकल्या तर त्या सरकलेल्या दिसू शकतात. त्यावरून शेजाऱ्याशी भांडू नका. हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणीच खरी.

आणि शेवटचं. चित्र तयार झालं की ते आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना दाखवा. "ह्यात काय चुकलंय?" एवढंच विचारा. मी आता प्रत्येक गावात हेच करतो. पहिला आक्षेप आला की वही काढतो आणि आक्षेप घेणाऱ्यालाच म्हणतो, "चला आबा, दाखवा."