अब्लेशनमधला ‘रेडिओ’ आणि कॅथलॅबमधले क्ष-किरण

मुलांच्या हृदयात जन्मजात जादा विद्युतमार्ग असेल, तर त्यातून अचानक धडधड सुरू होते आणि ठोके मिनिटाला २०० च्या पलीकडेही जातात. अशा मुलांसाठी कॅथेटर अब्लेशन हा आता रुळलेला उपचार आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक कॅथेटर हृदयापर्यंत नेऊन बिघाडाची जागा शोधली जाते आणि ती उष्णतेने किंवा अतिथंडीने निकामी केली जाते.

यातला सर्वांत चिवट गैरसमज नावामुळे होतो. ‘रेडिओफ्रिक्वेन्सी’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर रेडिएशन येते, काहींच्या तर थेट कर्करोगावरची रेडिओथेरपी. प्रत्यक्षात कॅथेटरच्या टोकातून जाणाऱ्या प्रवाहाची वारंवारता ५०० किलोहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे आकाशवाणीच्या मध्यमलहरींच्या अगदी शेजारची. हा प्रवाह टोकाजवळची ऊती ५० अंश सेल्सिअसच्या वर तापवतो. डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यात नसते. गोठवण्याच्या पद्धतीत तर तोही प्रवाह नसतो. क्ष-किरण येतात ते कॅथेटर कुठवर पोचले हे पाहण्याच्या सोयीतून, म्हणजे फ्लुरोस्कोपी या क्ष-किरणांच्या चलच्चित्रातून. मात्रा कमी करायची ती तिथेच.

हे किरण शरीरात साठूनही राहत नाहीत. यंत्र बंद झाले की ते संपले. घरी आलेल्या मुलाजवळ धाकट्या भावंडाला बसू देण्यात काहीच धोका नाही. तरी पालकांची काळजी अनाठायी म्हणता येत नाही. वाढत्या वयातील पेशी क्ष-किरणांना जास्त संवेदनशील असतात आणि मुलापुढे आयुष्यही मोठे असते. त्यामुळे पुढे कधीतरी कर्करोग होण्याची शक्यता किंचित वाढते, असे धरूनच डॉक्टर चालतात.

‘किती मिनिटे एक्स-रे चालला?’ हा नेहमीचा प्रश्न, पण त्याच्या उत्तरावरून मात्रा कळत नाही. सेकंदाला १५ चित्रांऐवजी ७.५ चित्रे घेतली, तर तेवढ्याच मिनिटांत मात्रा जवळपास निम्मी होते. किरणझोत हव्या तेवढ्याच भागापुरता आवळणे, प्रतिमा विनाकारण मोठी न करणे, डिटेक्टर मुलाच्या छातीजवळ आणि क्ष-किरणांची नळी दूर ठेवणे, अगदी लहान मुलांसाठी विखुरलेले किरण अडवणारी जाळी काढून टाकणे, या साध्या सवयींनी मोठा फरक पडतो. यातली एकही गोष्ट महागडी नाही, हे विशेष. म्हणून मिनिटांच्या जोडीला यंत्रावर नोंदलेली मात्रा किती, हे विचारावे.

शिशाच्या एप्रनबद्दलही असाच घोळ आहे. डॉक्टर एप्रन घालतात, मग मुलाला का नाही? डॉक्टरांना त्रास असतो तो मुलाच्या शरीरावरून विखुरून येणाऱ्या किरणांचा, आणि तो एप्रन बऱ्याच अंशी अडवतो. मुलाच्या बाबतीत छाती हेच पाहायचे ठिकाण. शिसे झोतात आले, तर चित्र काळवंडले असे समजून यंत्र आपोआप किरण वाढवते, आणि मुलाला मिळणारी मात्रा उलट वाढते. शरीराच्या आतच विखुरणारे किरण तर वरून झाकून अडतच नाहीत.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील बालरुग्णांच्या नोंदींत फ्लुरोस्कोपीची सरासरी वेळ ४० ते ५० मिनिटांच्या घरात होती. आज कित्येक केंद्रांत ती शून्यावर किंवा काही मिनिटांवर आली आहे, ती त्रिमितीय मॅपिंगमुळे. चुंबकीय क्षेत्र किंवा विद्युतरोध मोजून कॅथेटरचे स्थान पडद्यावरील हृदयाच्या नकाशात दिसते. ‘क्ष-किरणांशिवाय म्हणजे अंदाजाने’ हा समज त्यामुळे चुकीचा आहे. अनुभवी हातांत नेहमीच्या एसव्हीटीसाठी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांशी निगडित जलद धडधडीसाठी, यशाचे प्रमाण तेवढेच राहते. डाव्या बाजूच्या मार्गासाठी हृदयाचा पडदा ओलांडताना सोनोग्राफीची मदत घेता येते. मात्र शून्याचा हट्टही बरा नव्हे. जन्मजात दोषामुळे हृदयाची रचनाच गुंतागुंतीची असेल किंवा बिघाडाची जागा हृदयधमनीला खेटून असेल, तर थोडे क्ष-किरण वापरणे अधिक सुरक्षित ठरते. शून्य-फ्लुरोस्कोपीच्या खोलीतही यंत्र सज्ज ठेवलेले असते.

‘सरकारने मर्यादा घालून दिली आहे, तिच्या आत असले की झाले’ असेही काही जण मानतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा ठरवली आहे. रुग्णासाठी असा आकडा नसतो. तिथे दोनच कसोट्या: उपचार खरोखर गरजेचा आहे का, आणि तो कमीत कमी मात्रेत होतो आहे का. तान्ह्या बाळांत पहिली कसोटी विशेष महत्त्वाची. त्यांच्यातील अशी धडधड बहुधा पहिल्या वर्षभरात शमते, म्हणून औषधे लागू पडत असतील तोवर १५ किलोंच्या आतल्या मुलांचे अब्लेशन शक्यतो पुढे ढकलतात.